धोका कुणाकडून, हा दुसरा प्रश्न. काय थांबून चालणार नाही, हा पहिला

प्रश्न थोडक्यात असा आहे. 7 मे 2025 च्या देशव्यापी नागरी संरक्षण सरावासाठी जाहीर झालेल्या यादीत नाशिकबरोबर मनमाड आणि सिन्नरचीही नावं होती. ते पाहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या शहरातल्या एका मुलीने विचारलंय: सायबर हल्ले, ड्रोन, अफवा, पुरवठा तोडणं अशा नव्या धोक्यांसाठी सरकार नियोजन करतं तरी कसं? सगळं दिल्लीतच ठरतं का? आणि आपल्या जिल्ह्याकडे खरंच काही योजना असते, की भोंगा वाजवला म्हणजे झालं?

माझी बहुतेक नोकरी जिल्हा पातळीवर आपत्ती व्यवस्थापन आणि नागरी संरक्षणाच्या कामात गेली, म्हणून उत्तर खालून सुरू करतो. दिल्लीतल्या संस्थांची नावं कुठल्याही गाइडमध्ये मिळतील. त्यांनी ठरवलेलं जमिनीवर कितपत उतरतं, ते जिल्ह्यातच कळतं.

तर आधी सरळ उत्तर: योजना असते. ती एका पुस्तकात, एका कपाटात नसते. केंद्राची वेगळी, प्रत्येक मंत्रालयाची वेगळी, राज्याची, जिल्ह्याची, आणि महत्त्वाच्या प्रत्येक कारखान्याची, धरणाची, वीज केंद्राची आपापली. या सगळ्या एकमेकींना कुठे जोडल्या आहेत आणि कुठे सुट्या पडल्या आहेत, त्यावर खरी तयारी ठरते. शत्रू कोण आणि तो कधी येणार, हे शोधायला गुप्तचर यंत्रणा आहेत. नियोजन करणाऱ्याने सुरुवात दुसरीकडून करायची: आपल्या हद्दीत काय थांबून चालणार नाही, ते किती तास थांबलं तर माणसं दगावतील, आणि त्या तासांत ते चालू ठेवायला नावानिशी कोण जबाबदार आहे? ज्या जिल्ह्याने याचं उत्तर प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय, तो बॉम्ब असो, महापूर असो की संगणकातला व्हायरस, निम्मी लढाई आधीच जिंकलेला असतो.

नाशिकचा नकाशा या नजरेने पाहा. ओझरला एचएएलचा कारखाना. 1964 मध्ये मिग विमानांसाठी तो उभा राहिला, पुढे सुखोई-30 तिथे बनली, आणि 17 ऑक्टोबर 2025 ला तिथेच तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-1ए आकाशात झेपावलं. नाशिकरोडला नोटांचा आणि सिक्युरिटी प्रेसचा छापखाना. देवळालीला तोफखान्याची शाळा, गांधीनगरला लष्करी हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण. एकलहऱ्याला 630 मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र. मनमाडजवळ पानेवाडीत तेल कंपन्यांचे डेपो, मनमाडमध्येच अन्न महामंडळाची मोठी गोदामं. शहराच्या डोक्यावर गंगापूर धरण. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला अप्पर वैतरणा, ज्याचं पाणी मुंबई पिते. आणि मुंबईला उत्तरेशी जोडणारा रेल्वेचा कसारा घाट. यात गुपित काहीच नाही, शाळेच्या भूगोलातही हे सापडेल.

यातल्या काही जागांना भिंती आहेत. छापखान्याला सीआयएसएफचा पहारा आहे, देवळालीला लष्कर आहे. तिथली सुरक्षा हा त्यांचा विषय आणि तो ते चोख सांभाळतात. नियोजनाची खरी कसोटी भिंतीबाहेर लागते. पाणी, वीज, इंधन, दवाखाने, मोबाइल, बँका, दूध, भाजीपाला. यांच्यावर एकच खातं मालक नसतं, त्यामुळे जबाबदारी वाटली जाते आणि वाटता वाटता विरून जाते.

जानेवारी 2024 आठवा. हिट-अँड-रनच्या नव्या शिक्षेविरोधात चालकांनी संप केला आणि पानेवाडीतून टँकर निघेनात. नाशिकच्या पंपांवर रांगा लागल्या, कित्येक पंप कोरडे पडले. कुणी शत्रू नव्हता. आपल्याच माणसांचा, लोकशाही मार्गाने चाललेला संप होता, आणि चर्चेनंतर तो मिटला. पण नियोजन करणाऱ्याने त्या दिवसांतून जे टिपायचं ते हे, की उत्तर महाराष्ट्राच्या मोठ्या भागाचं इंधन एका गावाजवळच्या काही फाटकांतून बाहेर पडतं. पुरवठा कशामुळे थांबला यावर उपाय बदलेल; थांबल्यावर रुग्णवाहिका, पोलिसांच्या गाड्या, पाणीपुरवठ्याचे जनरेटर आणि दूधसंकलन यांना कुठल्या पंपावर, कुणाच्या सहीने, किती लिटर मिळणार, याचं उत्तर मात्र कारण काहीही असलं तरी तेच राहतं. परिणामांसाठी नियोजन करा असं आम्ही सांगतो ते याचसाठी. संप, पूर, हल्ला, भूकंप यांची चार वेगळी पुस्तकं करण्यापेक्षा ‘जिल्ह्यात इंधन नाही’ या एका अवस्थेचं पक्कं उत्तर तयार ठेवणं जास्त उपयोगी पडतं.

जगात हे काम कसं चालतं, तेही सांगतो, कारण तुम्हाला परीक्षेतही ते लागेल. ब्रिटन 2008 पासून आपल्यावरच्या जोखमींची यादी जाहीर करतो. प्रत्येक धोक्याला दोन मापं लावतात: तो घडण्याची शक्यता किती, आणि घडलाच तर हानी किती. त्यावरून तक्ता तयार होतो आणि पैसा, माणसं, साहित्य त्यानुसार लावायचं. 2023 च्या यादीत असे 89 धोके होते. पद्धत चांगली आहे, पण नुसती यादी वाचवत नाही. फ्लूची महासाथ वर्षानुवर्षं त्या यादीत वरच्या जागी होती; तरी कोविड आला तेव्हा देश गडबडला. जुलै 2024 मध्ये तिथल्या चौकशीच्या पहिल्या अहवालाने निष्कर्ष काढला, की तयारी चुकीच्या साथीची केली होती. त्याहून बोचरी गोष्ट अशी, की ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी महासाथीचा मोठा सराव घेतला होता. उणिवा त्यातच समोर आल्या होत्या. त्यावरच्या बऱ्याच शिफारशी अमलात आल्याच नाहीत.

फिनलंडची रीत मला जास्त पटते. ते धोक्यांच्या आधी समाजाची सात कामं धरून बसतात, काहीही झालं तरी ती चालू राहिली पाहिजेत: देशाचं नेतृत्व, परराष्ट्र व युरोपीय संघाशी व्यवहार, संरक्षण, अंतर्गत सुरक्षा, अर्थव्यवस्था आणि पुरवठा, लोकांचं आरोग्य व सेवा, आणि लोकांचं मनोधैर्य. शेवटचं काम त्यांनी बाकीच्या सहांच्या बरोबरीने लिहिलंय, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक घराने किमान 72 तास स्वतःच्या बळावर निभावून न्यावं, अशी तिथे सरळ अपेक्षा आहे. स्वीडनने 2018 मध्ये आणि पुन्हा 2024 च्या अखेरीस घरोघरी पुस्तिका पाठवल्या. युद्ध किंवा संकट आलं तर पाणी किती साठवायचं, बातमी कुठली खरी मानायची, हे त्यात साध्या भाषेत आहे. आपल्याकडे लोक घाबरतील म्हणून असं सांगायचं टाळतात. माझा अनुभव उलटा आहे. लोकांना आधी सांगितलं की ते घाबरत नाहीत, कामाला लागतात. ऐन वेळी काहीच ठाऊक नसलं की मगच घबराट होते.

आता मुख्य विषय: परस्परावलंबन. नवे धोके जुन्यांपेक्षा वेगळे ठरतात ते इथे. 1971 मध्ये एखादा डेपो जळला तर डेपो जळाला, एवढंच असे. आज एक गोष्ट पडली की तिच्या मागे काय काय पडेल, हे त्या खात्यालाही सांगता येत नाही. हे बाहेर काढायचा उत्तम मार्ग म्हणजे टेबलटॉप सराव. सभागृहात सगळ्या खात्यांचे अधिकारी बसतात, गाडी एकही हलत नाही, आणि संचालक दर काही मिनिटांनी एकेक चिठ्ठी वाचतो.

मी घेतलेल्या अशाच एका सरावातलं संभाषण सांगतो. पहिली चिठ्ठी: जिल्ह्याच्या मोठ्या भागाची वीज गेली, कारण माहीत नाही. रुग्णालयाचे प्रतिनिधी निश्चिंत होते, जनरेटर आहे म्हणाले. डिझेल किती? आठ तासांचं. नंतर? पंपावरून आणू. पंपाला वीज? पुरवठा अधिकारी म्हणाले, पंपालाही जनरेटर असतो. पैसे कसे देणार? हल्ली सगळं ऑनलाइन किंवा कार्डावर. नेटवर्क? दूरसंचार कंपनीच्या माणसाने सांगितलं, टॉवरची बॅटरी काही तास चालते, पुढे टॉवरच्या जनरेटरला डिझेल लागतं. ते कुठून? त्याच पंपावरून. सभागृहात एकदम शांतता पसरली, कारण गोल पूर्ण झाला होता. प्रत्येक खात्याची योजना आपापल्या जागी बरोबर होती, पण प्रत्येकाने दुसरं खातं चालू आहे असं गृहीत धरलं होतं. मग पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याने हात वर केला आणि विचारलं, डिझेल आधी दवाखान्याला की पंपिंग स्टेशनला? त्या एका प्रश्नावर पुढचा बराच वेळ गेला, आणि दिवसाचं सगळ्यात मोलाचं काम तिथेच झालं: प्राधान्याची यादी, रोखीने किंवा उधारीच्या चिठ्ठीवर डिझेल देण्याची पंपमालकांशी आगाऊ बोलणी, वायरलेस संच कुठे कुठे, आणि मोबाइल बंद पडल्यास कोणत्या अधिकाऱ्याने न बोलावता कुठे येऊन हजर व्हायचं. शेवटचा मुद्दा फार ठिकाणी सुटतो. फोन लागला नाही तर काय, हे फोनवर कळवता येत नाही.

सायबर हल्ल्याचं नियोजनही याच अंगाने बघा. 23 डिसेंबर 2015 ला युक्रेनमध्ये तीन वीज वितरण कंपन्यांच्या संगणकांत शिरून हल्लेखोरांनी उपकेंद्रं बंद केली. नियंत्रण कक्षातल्या माणसांना पडद्यावर माउसचा बाण आपोआप सरकताना दिसत होता आणि वीज जोडणारे-तोडणारे ब्रेकर एकेक करून उघडत होते, म्हणजे वीज तुटत होती. त्याच वेळी तक्रार केंद्रांच्या फोनवर बनावट कॉलचा मारा सुरू होता, म्हणजे खरे ग्राहक बोलूच शकू नयेत. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक ऐन थंडीत अंधारात गेले. तरी काही तासांत वीज परत आली, कारण कर्मचारी गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी हाताने ब्रेकर पुन्हा जोडले. जुनी यंत्रणा हाताने चालवता येत होती आणि ती चालवणारी माणसं अजून नोकरीत होती.

आपण सगळीकडे पाणी, वीज, सिग्नल एका पडद्यावर आणतोय; आणलंच पाहिजे, त्यात फायदा मोठा आहे. पण झडप हाताने फिरवणारा व्हॉल्व्हमन निवृत्त झाला की त्याची जागा भरत नाहीत, हे मला सुरक्षेचं नुकसान वाटतं. सायबर सुरक्षेच्या अंदाजपत्रकात फायरवॉलसाठी तरतूद असते, व्हॉल्व्हमनसाठी नसते. ती असावी असं मी प्रत्येक बैठकीत सांगत आलोय.

आपल्याकडच्या यंत्रणा कुठल्या? सायबर घटनांसाठी 2004 पासून सर्ट-इन ही केंद्राची संस्था आहे. वीज, बँका, दूरसंचार, वाहतूक अशा ज्या गोष्टी कोसळल्या तर देश लंगडा होईल, त्यांच्या संगणकप्रणालींसाठी 2014 मध्ये वेगळं केंद्र नेमलं गेलं, एनसीआयआयपीसी. ते माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 70ए खाली येतं. एप्रिल 2022 च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवावी लागते. हा नियम किती जिल्हा कार्यालयांना माहीत आहे, यावर मी मुद्दाम भर देतो, कारण लाजेपोटी घटना लपवण्याकडे कल असतो. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा, म्हणजे संगणक अडवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा हल्ला झाला तेव्हा देशातलं एवढं मोठं रुग्णालय अनेक दिवस कागद-पेनावर चाललं. आणि 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली ती तर आपल्या आठवणीत आहे. लोकल थांबल्या, रुग्णालयं जनरेटरवर गेली. संकटात शहराला मुख्य ग्रिडपासून वेगळं करून चालू ठेवणारी आयलँडिंगची सोय मुंबईला होती, ती त्या दिवशी शहराला वाचवू शकली नाही. मागे परकीय हात होता की मानवी चूक, यावर राज्य आणि केंद्र यांची वेगवेगळी विधानं झाली. माझ्या दृष्टीने नियोजनाला त्या वादाने फरक पडत नाही. सोय होती आणि लागली तेव्हा चालली नाही, हे पुरेसं आहे.

ड्रोनबद्दल. जून 2021 मध्ये जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली गेली, तेव्हापासून हा धोका आपल्याकडे कागदावरून प्रत्यक्षात आला. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या काळात, 8 आणि 9 मेच्या रात्री पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत 36 ठिकाणी 300 ते 400 ड्रोन पाठवल्याचं सरकारने सांगितलं. सीमेपासून लांब असलेल्या नाशिकला याचं काय, असं वाटेल. त्यासाठी 1 जून 2025 पाहा. त्या दिवशी युक्रेनने रशियाच्या हवाई तळांवर हल्ला केला तो ट्रकवर ठेवलेल्या लाकडी खोक्यांतून ड्रोन उडवून. त्यातला एक तळ युक्रेनपासून चार हजार किलोमीटरहून दूर होता. अंतर ही तटबंदी राहिलेली नाही. महामार्गाने आलेला साधा ट्रक कारखान्याच्या कुंपणाजवळ उभा राहिला, इतकं पुरतं.

तळावरचं रडार आणि जॅमर हे सैन्याचं काम. जिल्ह्याच्या वाट्याला येतं ते वेगळंच आणि किचकट. आपल्याकडे द्राक्षबागांवर फवारणीचे ड्रोन उडतात, लग्नात उडतात, जमीन मोजणीत उडतात. 2021 च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे लाल, पिवळे, हिरवे असे भाग पाडले आहेत आणि लाल भागात परवानगीशिवाय उडवता येत नाही. पण ओझर किंवा देवळालीजवळच्या गावात ड्रोन दिसला तर तो कुणाचा, हे पहिल्या दहा मिनिटांत ठरवायचं कसं? त्याला उपाय एकच: अधिकृत ड्रोनवाल्यांची यादी तालुका पोलीस ठाण्यात ताजी ठेवायची, त्या परिसरातल्या फवारणी करणाऱ्यांना आधी कळवायची सवय लावायची, आणि पोलीस पाटलाला एकच क्रमांक द्यायचा. फवारणीवाला शेतकरी आपला असला तर तो पहिला डोळाही ठरतो. त्याला संशयित म्हणून वागवाल तर तो डोळा मिटून घेईल.

अफवा हा धोका मी फार गंभीरपणे घेतो, कारण तो आपल्या जिल्ह्याने आणि शेजारच्या धुळ्याने भोगलाय. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते भिक्षेकरी समाजाचे निरपराध लोक होते. त्याच सुमारास मालेगावात एका कुटुंबावर तसाच जमाव चालून गेला; त्यात लहान मूलही होतं. तिथे पोलीस वेळेवर मध्ये पडले, स्वतःची गाडी जमावाच्या हाती गेली तरी हटले नाहीत, आणि ते कुटुंब वाचलं. दोन्हीकडे फिरत होते ते मोबाइलवरचे तसलेच व्हिडिओ. शत्रूदेशाला यापेक्षा स्वस्त हत्यार कुठलं मिळणार? मे 2025 मध्ये लढाई चालू असताना जुनी दृश्यं आणि संगणकी खेळातली चित्रणं ‘आत्ताची बातमी’ म्हणून फिरली, आणि पीआयबीला, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाला, दिवसरात्र खुलासे करत बसावं लागलं.

यावरचं नियोजन इंटरनेट बंद करण्यापासून सुरू होता कामा नये. बंदीने अफवा तोंडी फिरते आणि खरी माहिती तेवढी थांबते. ज्यांचं लोक ऐकतात ती माणसं आधीच जोडून ठेवणं हे खरं काम: मोहल्ल्यातले मौलाना, मंडळांचे अध्यक्ष, शाळेच्या मुख्याध्यापक बाई, आशाताई, बाजार समितीतले अडते. मालेगावने 2006 आणि 2008 चे स्फोट सोसलेत. तिथे शांतता समितीचं महत्त्व काय, हे वेगळं सांगायला नको. अफवा सुटल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात जिल्हाधिकाऱ्यांच्या आवाजातला एक छोटा, खरा संदेश, मराठीत, उर्दूत आणि अहिराणीत बाहेर पडला पाहिजे. मजकूर मंजुरीसाठी चार टेबलं फिरला तर तो बाहेर पडेपर्यंत जमाव जमलेला असतो.

आतल्या माणसाचा धोका थोडक्यात सांगतो. 2020 मध्ये ओझरच्या कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याला, माहिती पाकिस्तानी हेरांना पुरवल्याच्या आरोपावरून राज्याच्या एटीएसने अटक केली. त्याआधी तेलगीच्या बनावट मुद्रांकांच्या प्रकरणात नाशिकच्या छापखान्यातली मोडीत काढलेली यंत्रं लिलावातून त्याच्या हाती गेली होती. पहारा, कुंपण, कॅमेरे सगळं जागेवर असताना ती दारातून बाहेर पडली, कारण भंगाराचा लिलाव हा सुरक्षेचा विषय आहे हे कुणाच्या यादीत नव्हतं. म्हणून निविदा, भंगार, कंत्राटी कामगार, दुरुस्तीला जाणारे लॅपटॉप, हे सगळं सुरक्षा नियोजनात येतं.

आता वरची रचना, थोडक्यात. राष्ट्रीय सुरक्षा परिषद नोव्हेंबर 1998 मध्ये स्थापन झाली. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समिती आणि त्यावर 2001 चा मंत्रिगटाचा अहवाल आला. गुप्त माहिती एकत्र आणणारं मल्टी एजन्सी सेंटर, एकात्मिक संरक्षण मुख्यालय, संरक्षण दलांची गुप्तचर संस्था डीआयए, तांत्रिक टेहळणीची संस्था एनटीआरओ या गोष्टी त्या मंथनातून उभ्या राहिल्या. संरक्षण दल प्रमुखाचं पद मात्र प्रत्यक्षात यायला 2020 उजाडलं. 26/11 नंतर दहशतवादी गुन्ह्यांचा तपास करणारी एनआयए आली, एनएसजी या केंद्राच्या कमांडो दलाची केंद्रं मुंबईसह चार शहरांत गेली, किनारा सुरक्षेची नव्याने बांधणी झाली, आणि महाराष्ट्राने राम प्रधान समितीकडून स्वतःच्या कारभाराची तपासणी करून घेतली, पुढे फोर्स वन हे स्वतःचं कमांडो दल उभारलं. तुमच्या लक्षात येईल, की प्रत्येक सुधारणेच्या आधी एक जखम आहे. जखमेआधी बदलणं हीच नियोजनाची खरी परीक्षा, आणि ती आपल्याला अजून साधायची आहे. देशाचं राष्ट्रीय सुरक्षा धोरण अजून जाहीर झालेलं नाही. त्यातलं गुप्त ते गुप्त राहावं, पण जाहीर करता येण्याजोगा भाग छापला तर राज्यांना आणि जिल्ह्यांना आपली योजना कशाला जोडायची ते कळेल. माझं हे ठाम मत आहे.

युद्धकाळासाठी केंद्राकडे वॉर बुक असतं. युद्ध सुरू होताना कुठल्या मंत्रालयाने काय करायचं ते त्यात ठरलेलं असतं. ते गोपनीय आहे आणि असायलाच हवं. जिल्ह्यात मात्र दोन उघडे कायदे कामाला येतात. नागरी संरक्षण कायदा 1968 चा, ज्यात पुढे दुरुस्ती होऊन आपत्ती व्यवस्थापनही आलं. आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा. त्याच्या कलम 31 नुसार प्रत्येक जिल्ह्याची योजना असलीच पाहिजे आणि कलम 65 खाली जिल्हा प्राधिकरणाला गाड्या, साहित्य, इमारती ताब्यात घेण्यापर्यंतचे अधिकार मिळतात. प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. 9 मे 2025 ला गृह मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून नागरी संरक्षण नियमांतले तातडीच्या खरेदीचे अधिकार वापरायला सांगितलं. ते पत्र गरजेचं होतं. पण वाळूच्या पिशव्या आणि सायरन लढाई सुरू झाल्यावर घ्यायची वेळ येऊ नये.

पहिल्या तासांवर मी एवढा भर का देतो? 26/11 ला एनएसजीचे कमांडो मुंबईत उतरून कामाला लागेपर्यंत रात्र सरली होती. नाशिकचं सांगायचं तर एनडीआरएफचं, म्हणजे केंद्राच्या आपत्ती दलाचं, जवळचं ठाणं पुण्याकडे, राज्याच्या आपत्ती दलाचं धुळ्याला. पथक कितीही तयार असलं तरी रस्त्याने येणार, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. तोवर जे करायचं ते इथल्या अग्निशमन दलाने, पोलिसांनी, होमगार्डने, डॉक्टरांनी आणि शेजाऱ्यांनीच करायचं असतं. 21 एप्रिल 2021 ला आपल्या शहरात महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. तो हल्ला नव्हता. पण आयसीयूतल्या इतक्या श्वासांचा भार एका टाकीवर होता आणि ती बंद पडल्यावरची मिनिटं पुरली नाहीत. त्या घटनेची नोंद प्रत्येक सुरक्षा योजनेत पहिल्या पानावर असावी असं मला मनापासून वाटतं. जिथे सगळं एकाच गोष्टीवर टांगलेलं आहे, तिथे दुसरी सोय उभी करा.

मग अडतं कुठे? पैशापेक्षा सातत्यावर. अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतात, योजनेतले फोन क्रमांक जुनेच राहतात. सराव होतो, फोटो निघतात, अहवाल वर जातो, आणि सापडलेल्या उणिवा पुढच्या सरावात तशाच पुन्हा सापडतात. म्हणून मी एक पद्धत धरून ठेवली होती: सरावानंतर प्रत्येक उणिवेपुढे खातं, पद आणि तारीख लिहायची, आणि पुढच्या सरावाची सुरुवात ती यादी मोठ्याने वाचून करायची. अधिकाऱ्यांना ते आवडत नसे. काम मात्र होत असे.

सिंहस्थ तोंडावर आहे. ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मधली मुख्य स्नानं म्हणजे रामकुंडापासून त्र्यंबकपर्यंत लाखोंची गर्दी, तीही भर पावसात, गंगापूर धरणातून विसर्ग होऊ शकेल अशा दिवसांत. 2003 मध्ये अरुंद रस्त्यावर झालेल्या चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविकांचे जीव गेले. या शहराला ते विसरता येणार नाही. गर्दी, पाणी, मोबाइल नेटवर्कवरचा ताण, ड्रोन, अफवा, घातपाताची शक्यता, वर सांगितलेलं सगळं तिथे एकाच दिवशी एकत्र येणार आहे. कुंभासाठी उभे राहणारे कॅमेरे, रस्ते, नियंत्रण कक्ष यांची चर्चा भरपूर होते. त्या नियंत्रण कक्षाची वीज आणि नेटवर्क गेलं तर घाटावरचा पोलीस गर्दीला कसं वळवणार, याचा सराव त्याच्या आधी भर पावसात, रात्रीच्या वेळी, प्रत्यक्ष घाटावर झाला पाहिजे. आणि मेळा संपल्यावर ते साहित्य आणि शिकलेली माणसं विखुरली जाऊ नयेत, यासाठी शासन निर्णय आत्ताच निघायला हवा.

शेवटी तुमच्यासाठी. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखडा हा गुप्त कागद नाही. जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर पाहा. नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात अर्ज करून मागा. वाचताना चार गोष्टी तपासा: आराखडा शेवटचा कधी सुधारला, त्यात सायबर आणि दूरसंचार बंद पडण्यावर प्रकरण आहे का, इंधनाच्या प्राधान्याची यादी आहे का, आणि दिलेल्या फोन क्रमांकांपैकी किती लागतात. न लागणाऱ्या क्रमांकांची यादी करून त्याच कक्षात नेऊन द्या; चांगला अधिकारी असेल तर तुम्हाला बसवून चहा देईल. नागरी संरक्षण दलात स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येतं, प्रशिक्षण मिळतं. प्रथमोपचार आणि बचावाचे वर्ग परीक्षेच्या अभ्यासातून वेळ काढून करण्यासारखे आहेत. घरी तीन दिवसांचं पिण्याचं पाणी, रोजची औषधं, थोडी रोख रक्कम, बॅटरीवरचा रेडिओ आणि कागदावर लिहिलेले दहा फोन क्रमांक ठेवा. आकाशवाणी ऐकायची सवय मोडली असेल तर नाशिकची वारंवारिता शोधून त्याच कागदावर लिहून ठेवा.